परत गेलेल्यांचा रकाना

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमचं आणि कपाशीच्या भावाकडे डोळे लावून तुमची फी भरणाऱ्या आईवडिलांचं मनापासून अभिनंदन. उद्या तुमच्यापैकी कुणी तलाठी होईल, कुणी ग्रामसेवक, कुणी बँकेच्या खिडकीमागे बसेल. म्हणून आज एकाच कामाबद्दल बोलतो, नोंद ठेवण्याबद्दल.

एसटीचंच घ्या. दिव्यांग प्रवाशाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. ओळखपत्र दाखवलं की वाहक सवलतीचं तिकीट देतो आणि हिशेबात एक प्रवासी वाढतो. पण समजा, बोदवडहून भुसावळला निघालेली कुबड्यांवरची बाई पायरी उंच म्हणून चढूच शकली नाही. तिची नोंद कुठे होते? महिनाअखेरीस कागद सांगतो, सवलत व्यवस्थित सुरू आहे.

आपल्याकडे लाभार्थी मोजतात, परत गेलेले कुणी मोजत नाही. दिव्यांग माणसाने सोबत येणाऱ्याची मजुरी बुडवून कामासाठी जिल्ह्याच्या गावी जायचं आणि ‘साहेब आज नाहीत, पुढल्या बुधवारी या’ एवढं ऐकून परतायचं. अर्जच घेतला नाही, तर नकाराचा पुरावाही उरत नाही.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. माणसाला काय झालंय, हे त्यातून कळतं. त्याचं कुठे अडलं, हे कळत नाही. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचं ३१वं कलम नेमकं तेच सांगतं : आकडेवारी गोळा करा आणि तिच्या आधारे वाटेतले अडथळे शोधून दूर करा.

मग नोंद करायची कशी? तारीख, ठिकाण, कोणतं काम होतं, कशामुळे अडलं, काय असतं तर झालं असतं. परत गेलेल्या माणसाला विचारून, त्याच्याच शब्दांत लिहा. ‘पायाने अधू असल्याने काम झालं नाही’ असं लिहू नका. ‘कार्यालय वरच्या मजल्यावर, जिन्याला कठडा नाही, खाली कुणी उतरलं नाही’ असं लिहा. पहिल्या वाक्यात दोष माणसाच्या माथी बसतो. दुसऱ्यातून गवंड्याला आणि साहेबाला आपापलं काम कळतं.

या नोंदींचा उपयोग आहे. ग्रामपंचायत असो की नगरपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गरजांची यादीच नसेल, तर तो पैसा सोप्या वाटपात संपतो नाहीतर पडून राहतो. या नोंदींतून निघालेली यादी ग्रामसभेत वाचा, अर्जासोबत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अधिसूचित सेवा नाकारली, तर कारण लेखी द्यावं लागतं. ते मागायला लाजू नका.

आणि उद्या खिडकीच्या आतल्या खुर्चीवर तुम्हीच बसाल, तेव्हा नोंदवहीत एक रकाना वाढवा : ‘काम न होता परत, कारण’. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही, पट्टी आणि पेन पुरेसं आहे. रकाना भरू लागला की वरिष्ठ विचारतील, हे काय? तेव्हा सांगा, हे आपलं उरलेलं काम.