अब्बांची जाळी आणि बत्तीस केबीचा मेंदू



संयोजकांनी मला सांगितलं होतं की 'आयटीत करिअर कसं करावं' यावर बोला. मी त्यांना विचारलं, त्याऐवजी एक मशीन घेऊन आलो तर चालेल का? ते हो म्हणाले, म्हणून हे इथे टेबलावर आहे. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, तीन मोटारी आणि एक छोटी मिलिंगची मोटार. याला सीएनसी राउटर म्हणतात. कॉम्प्युटर सांगेल त्या रेषेवर हे लाकूड, अ‍ॅक्रिलिक, एमडीएफ कापतं. तेव्हा पुढचा वेळ मी लाकूड कापण्यावर बोलणार आहे.

मी पुण्याचा. भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत अब्बांचं सुतारकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे बारा बाय पंधराची खोली आणि वर पोटमाळा. अब्बांची ओळख जाळीच्या कामासाठी होती. दारावरच्या झरोक्यांच्या जाळ्या, मशिदीच्या खिडक्यांच्या जाळ्या, आणि सगळ्यांत जास्त देव्हाऱ्यांच्या. गणपतीआधीचे दोन महिने आमच्या पोटमाळ्यावर झोपायला जागा नसायची. अब्बांच्या हाताखाली एक कारागीर होते, आम्ही त्यांना मामू म्हणायचो. प्रकार आणि पट्टी घेऊन ते फळीवर आठ टोकांचा तारा असा काढायचे की इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाला मला नेहमी त्यांचीच आठवण यायची.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना जवळच एका जॉबवर्कवाल्याकडे मोठा सीएनसी राउटर आला. आठ बाय चारची अख्खी शीट त्यावर बसायची. अब्बांना चार दिवस लागणारी जाळी तासाभरात बाहेर. ग्राहक तिकडे गेले, यात ग्राहकांचा दोष नाही. मामू वर्षभर थांबले, मग रिक्षा घेतली. अजून तीच चालवतात.

अब्बांनी मग तेच केलं जे बाकीच्यांनी केलं. नक्षी स्वतः काढायची, कापून तिकडून आणायची, फिनिशिंग दुकानात. दोन-तीन वर्षं ठीक चाललं. एके दिवशी अब्बा एका ग्राहकाकडे माप घ्यायला गेले आणि समोरच्या फ्लॅटच्या दारावर त्यांना स्वतःची जाळी दिसली. मधल्या ताऱ्यात त्यांनी मुद्दाम एक पाकळी कमी ठेवली होती, तीही तशीच. विचारल्यावर जॉबवर्कवाला म्हणाला, "चाचा, फाइल तर माझ्याच कॉम्प्युटरवर आहे ना." अब्बा काही बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाही. मला हे अम्मीकडून कळलं.

तोवर मला नोकरी लागली होती. मशीन आपलं हवं आणि फाइलही आपली हवी, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. मोठ्या राउटरची किंमत विचारली आणि गप्प बसलो. मग हे सापडलं. याला '३०१८' म्हणतात, कारण ते ३०० बाय १८० मिलिमीटर जागेत कापतं, म्हणजे साधारण वहीच्या उघडलेल्या पानांएवढं. मला ते अठरा हजारांना पडलं.

एवढं स्वस्त कसं, याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आकड्यांनी चालणारं मिलिंग मशीन एमआयटीने १९५२ साली दाखवलं. त्याला हुकूम द्यायला भोकं पाडलेली कागदी पट्टी होती. मालेगाव-भिवंडीच्या मुलांनी यावर हसावं, कारण जॅकार्ड मागाचे भोकांचे पुठ्ठे त्याच्या दीडशे वर्षं आधीपासून हेच काम करत होते. पुढची कित्येक दशकं सीएनसी हे मोठ्या कारखान्यांचंच यंत्र राहिलं. मग २००५ मध्ये इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बोयर यांनी रेपरॅप नावाचा थ्रीडी प्रिंटर सुरू केला आणि त्याचे आराखडे सगळ्यांना खुले केले. ते प्रिंटर जगभर बनू लागले आणि छोट्या स्टेपर मोटारी, त्यांचे ड्रायव्हर, स्क्रू हे सगळं स्वस्तात मिळायला लागलं. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी 'ग्रबल' नावाचा प्रोग्रॅम लिहून खुला केला. आपल्या कॉलेजांमध्ये प्रोजेक्टला वापरतात त्याच आर्डुइनो ऊनो बोर्डवर तो चालतो. त्या चिपची मेमरी ३२ किलोबाइट. तुमच्या फोनमधला एक फोटो तिच्या शंभरपट भरेल. तेवढ्यात हा प्रोग्रॅम तीन मोटारी एका वेळी चालवतो, आणि पुढे वळण आहे हे आधीच पाहून वेग कमी करतो. मी रोज जे सॉफ्टवेअर लिहितो त्याला एक बटण दाखवायला यापेक्षा जास्त मेमरी लागते. लाज वाटते, पण खरं आहे.

२०११ मध्ये एडवर्ड फोर्ड यांनी शेपोको नावाचं मशीन ३०० डॉलरच्या किटमध्ये आणलं. २०१६ मध्ये मॅस्लो आलं. त्यात राउटर दोन साखळ्यांना टांगलेला असतो आणि उभ्या ठेवलेल्या आठ बाय चारच्या शीटवर फिरतो, किंमत ५०० डॉलरच्या आत. जागा नसलेल्या माणसाने काढलेली युक्ती वाटते, म्हणून मला ते फार आवडतं.

आता माझी फजिती. मोटार एका फेरीत २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, म्हणजे ३२०० झाले. या मशीनचा स्क्रू एका फेरीत ४ मिलिमीटर पुढे जातो. म्हणून एका मिलिमीटरला ८०० पावलं. हा आकडा ग्रबलमध्ये भरावा लागतो. मी मशीन आल्याबरोबर हुशारी करून प्रोग्रॅम नवीन टाकला आणि एका व्हिडिओत पाहिलेला आकडा भरला, ४००. त्या व्हिडिओतला स्क्रू ८ मिलिमीटरचा होता. पहिली जाळी कापली, १२० मिलिमीटरची, ती निघाली ६० ची. मी दोन दिवस मोटारी बदलून पाहत होतो, विकणाऱ्याला तक्रारीचा मेसेजही लिहून ठेवला होता. अब्बांनी फूटपट्टी लावली, गुण्या लावला. म्हणाले, "कोन सगळे बरोबर आहेत आणि माप बरोबर निम्मं. मोटार खराब असती तर इतकं बरोबर निम्मं आलं नसतं. तूच कुठेतरी दोनाने भागलंयस."

त्या दिवसापासून अब्बा या मशीनजवळ बसायला लागले. त्याआधी ते त्याच्याकडे बघतही नव्हते.

मशीनला फक्त रेषा कळते. 'जी १ एक्स ५० एफ ३००' म्हटलं की ते मिनिटाला ३०० मिलिमीटर वेगाने ५० वर जातं, मध्ये गाठ असो की खिळा. सागवानाचा रेशा कुठल्या दिशेला आहे, कुठे चिरफळी उडेल, हे त्याला माहीत नसतं आणि मलाही नव्हतं. अब्बा फळी हातात घेऊन, फिरवून, उलटी करून सांगायचे की इकडून काप. शिवाय गोल फिरणारं पातं आतला कोपरा टोकदार कापूच शकत नाही. ३ मिलिमीटरच्या पात्याने कापलेला प्रत्येक आतला कोपरा दीड मिलिमीटर त्रिज्येचा गोल राहतो. मोठ्या दुकानातून आलेल्या जाळ्या बघा, ताऱ्यांचे आतले कोपरे बोथट दिसतील. अब्बा ते पटाशीने साफ करतात. आमची जाळी त्यावरून ओळखू येते.

पैशाचं स्पष्ट बोलतो, कारण व्हिडिओंमध्ये कोणी बोलत नाही. एमडीएफच्या मोठ्या जाळ्यांमध्ये आम्ही त्या मोठ्या राउटरच्या दरासमोर टिकत नाही आणि टिकणारही नाही. हे मशीन कमजोर आहे. सागवानात एका वेळी मिलिमीटरभरच खोल जातं, त्यामुळे १८ मिलिमीटरची फळी कापायला अठरा फेऱ्या लागतात. नंतर मी अडीच फुटांचं दुसरं मशीन घरी बांधलं, सुतार वापरतात तो ट्रिमर लावून. आठ महिने आणि बासष्ट हजार रुपये गेले, त्यातले नऊ हजार निव्वळ चुकांचे. चालतं ते छोटं आणि नेमकं काम. सागवानी नावाच्या पाट्या. रेहल, ज्याची नक्षी मशीन कोरतं आणि एकाच फळीतून निघणारी घडी अब्बा हाताने कापतात. आणि माझ्या बहिणीचे फर्मे. तिने स्वतः इंकस्केप शिकून शिलाईवाल्यांसाठी गळ्याचे आणि बाह्यांचे अ‍ॅक्रिलिकचे फर्मे बनवायला सुरुवात केली. आज निम्म्या ऑर्डर तिच्या आहेत. मशीन घरात आहे, म्हणून 'वर्कशॉपात मुलीचं काय काम' हे कोणाला विचारताच आलं नाही.

घरात आहे म्हणून त्रासही आहेत. लाकडाचा भुसा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने खात्रीच्या कर्करोगकारकांमध्ये टाकलेला आहे, आणि एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. स्वयंपाकघराशेजारी मास्क न लावता आणि व्हॅक्यूम न जोडता हे चालवू नका. आमची पहिली सहा महिन्यांची पोळी भुशासकट होती, अम्मी अजून ऐकवते. लाइट गेली की मशीन आपण कुठे होतो ते विसरतं, म्हणून शून्याची जागा लाकडावर पेन्सिलने खुणावून ठेवा किंवा लिमिट स्विच लावा. आणि संध्याकाळी आठनंतर बंद. शेजाऱ्यांनाही झोप असते.

मागच्या वेळी एका मुलाने मला अडवून विचारलं होतं की तुम्ही ओपन सोर्सचं कौतुक करता, मग जॉबवर्कवाल्याने जाळीची फाइल वापरली तर राग का? प्रश्न चांगला होता, मला लगेच उत्तर आलं नाही. आता देतो. ग्रबल लिहिणाऱ्याने स्वतः ठरवलं की हे सगळ्यांना द्यायचं. लायसन्समध्ये लिहून ठेवलं की वापरा, बदला, विका, पण बदललेलं कोणाला दिलंत तर त्याचा कोडही द्या. अब्बांना कोणी विचारलंच नाही. गंमत अशी की मागच्या रमजानमध्ये अब्बांनी स्वतःच चार जुन्या जाळ्या माझ्याकडून फाइलमध्ये उतरवून घेतल्या आणि म्हणाले, टाक इंटरनेटवर, कोणालाही कापू दे. फक्त खाली मामूंचं नाव लिही, तारे त्यांचे आहेत.

मामूंना मी ते फोनवर दाखवलं. त्यांनी बघितलं, झूम केलं, एक कोपरा चुकलाय म्हणाले. परत कामाला या, असं अब्बांनी त्यांना दोनदा विचारलंय. रिक्षाचे हप्ते आहेत, ते नाही म्हणतात. मशीन अठरा हजारांवर आलं म्हणून ते बदललेलं नाही.

ज्यांना विकत घ्यायचं नाही त्यांनी पाबळला जाऊन या. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, आणि २००२ मध्ये एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक तिथे आली. मी तिथून आलो तेव्हा मनात होतं की असं एक मशीन आपल्या मोहल्ल्याच्या वाचनालयातही ठेवता येईल. पाच जणांनी मिळून घेतलं तर प्रत्येकी चार हजारसुद्धा पडत नाहीत. पण मालक पाच असले तरी स्क्रूला तेल कोणी घालायचं ते आधी लिहून ठेवा.

आता बोलणं पुरे. बहिणीने एक फर्मा लोड करून ठेवलाय, साडेसहा मिनिटांत कापून होईल. चष्मे चारच आहेत, तेव्हा चार-चार जण पुढे या. ओढण्या आणि लांब बाह्या आवरून घ्या. आणि हे लाल बटण कुठे आहे ते सगळ्यांनी आधी बघून ठेवा.