सहाच्या भोंग्याआधीची दिवाळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या लहानपणच्या एखाद्या सणाविषयी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने केली. आज्ञा ऐकताना सोपी वाटली. परंतु लहानपणच्या सणाविषयी बोलू लागले की माणूस फराळाच्या डब्यातून लवकर बाहेर येत नाही, हा आपणां सर्वांचाच अनुभव आहे. चकलीचे काटे आणि करंजीचे पापुद्रे यांवर आजवर इतके लिहिले व बोलले गेले आहे की त्यात आम्ही भर घालण्याचे प्रयोजन नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते केवळ पहाटेविषयी, नरकचतुर्दशीच्या पहाटेविषयी. मराठी घर महाराष्ट्राबाहेर गेले की दिवाळीतले काय टिकते आणि काय गळते, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो आहोत. फराळ टिकतो, आकाशकंदील टिकतो, नवी वस्त्रे तर टिकतातच. सर्वांआधी जाते ती पहाट.

आमचे बालपण जमशेदपूरला गेले. कारखान्यातून पोलाद निघू लागले ते १९१२ साली, आणि साकची या खेड्याभोवती वाढलेल्या वस्तीला जमशेदपूर हे नाव मिळाले ते १९१९ मध्ये. आमचे वडील तेथे नोकरीस लागले तेव्हा गाव चांगले विस्तारले होते आणि ते बिहारात मोडत असे; २००० साली झारखंड राज्य झाले त्याला तेव्हा बराच अवकाश होता. आम्ही सांगतो आहोत ती १९६०च्या दशकातली हकीकत. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या मेलने टाटानगरला उतरायचे, ट्रंका मोजून घ्यायच्या, आणि मग वर्षभर सातारा म्हणजे पत्रातला पत्ता. एका ट्रंकेत आईने तांब्याचा बंब आणला होता. इतक्या लांब इतकी जड वस्तू कशाला, असे वडिलांनी विचारल्याचे आम्ही ऐकून आहोत. आईने काय उत्तर दिले ते कोणी सांगितले नाही. बंब मात्र आला.

आमच्या ओळीतल्या क्वार्टरांत एका बाजूला गयेकडचे कुटुंब होते, दुसऱ्या बाजूला बंगाली. गयेकडच्या बाईंना आम्ही चाचीजी म्हणत असू, बंगाली बाईंना काकीमा. दिवाळी सर्वांचीच होती, पण त्यांची दिवाळी रात्रीची आणि आमची पहाटेची. अमावास्येच्या रात्री चाचीजींच्या घरी लक्ष्मीपूजन आणि दिव्यांच्या ओळी, काकीमांकडे मध्यरात्रीची कालीपूजा. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्या नरकचतुर्दशीला, काकीमा चौदा प्रकारचा पाला एकत्र शिजवीत आणि तिन्हीसांजेला चौदा दिवे लावीत. आमची चतुर्दशी मात्र तोवर बारा-तेरा तासांची जुनी झालेली असे.

शाळेत याच दिवाळीवरून मौज होई. निबंधात आम्ही "दिवाळी आश्विन महिन्यात येते" असे लिहिले की गुरुजी त्यावर काट मारून "कार्तिक" लिहीत. घरी दाखवले की वडील म्हणत, "दोघेही बरोबर." आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, म्हणून आपला आश्विन वद्य पक्ष तो त्यांचा कार्तिक कृष्ण पक्ष. तिथी एक, चंद्र एक, फक्त महिन्याचे नाव निराळे. शुद्ध पक्ष लागला की दोन्ही पंचांगे पुन्हा एकत्र येतात. दोन उत्तरे एकाच वेळी बरोबर असू शकतात, हे गणित आम्ही असे शिकलो. पुढे त्याचा उपयोग शाळेबाहेर अधिक झाला.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अभ्यंगस्नान व्हायचे ते चंद्रोदयानंतर आणि सूर्योदयापूर्वी. पंचांग सोलापूर-पुण्याकडून येई आणि त्यात वेळ असे ती मुंबईची. वडील पेन्सिल घेऊन बसत. रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटे. मुंबई ७३ अंशांच्या आसपास, जमशेदपूर ८६च्या. म्हणजे ५२ मिनिटे. त्यातून उत्तरेकडे सरकल्याबद्दल तीन-चार मिनिटे वजा. ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईला साडेसहानंतर उगवणारा सूर्य आमच्याकडे पावणेसहाच्या सुमारास उगवे. घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच. म्हणून साताऱ्याची आमची भावंडे साडेचारला उठत तेव्हा आम्हांला साडेतीनलाच उठवले जाई. त्यात वडिलांची पहिली पाळी असली तर सहाच्या भोंग्याआधी फाटकाच्या आत पोहोचायचे, म्हणजे साडेपाचला सायकल बाहेर काढायची. त्याआधी तीन मुलांची आणि त्यांची स्वतःची स्नाने उरकलेली हवीत. सूर्य आणि भोंगा यांच्या कात्रीत सापडलेली ती दिवाळी होती.

आई अडीचला उठे. अंगणातल्या बंबात निखारे घालून तो पेटवी. कोळशाला त्या गावात तोटा नव्हता. बंबाच्या त्या मंद घुमण्याने आम्ही अर्धवट जागे होत असू. पाटाभोवती रांगोळी, समईच्या उजेडात तेलाची वाटी, आणि आजीने टपालाने पाठवलेल्या उटण्याची पुडी. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा यांचा तो वास पुडीच्या कागदालाही महिनाभर येत असे. तेल तिळाचेच हवे असा आईचा आग्रह. बाजारात जिकडे तिकडे मोहरीचे. तिळाचे मिळवण्यासाठी बिष्टुपूरची दोन-तीन दुकाने पालथी घालावी लागत. कारीट मिळण्याचा तर प्रश्नच नव्हता. मग पायाच्या अंगठ्याखाली चिरडायला तोंडली आणली जात, ज्यांना तिकडे कुंदरी म्हणतात. नरकासुर म्हणून कुंदरी चिरडल्याने पुण्यात काही उणे पडते काय, असा प्रश्न धाकट्याने एकदा विचारला होता. "नरकासुराला विचार," असे उत्तर मिळाले.

थंडीने कुडकुडत पाटावर बसलेल्या मुलाच्या पाठीवर आईचा कोमट तेलाचा हात फिरे. एरवी वर्षभर आमच्या घरात माया बोलून दाखवण्याची पद्धत नव्हती. त्या काळच्या बहुतेक घरांत नव्हती. त्या पहाटे मात्र डोक्यापासून टाचेपर्यंत प्रत्येकाचे अंग आई मन लावून रगडी, वडिलांनाही तेल लावून देई, आणि मग औक्षण करी. भोवती सारी वस्ती झोपलेली, आमच्याच अंगणात उजेड. आपण या मुलखात पाहुणे नसून आपले असे काही येथे आहे, असे आम्हां मुलांना वाटे ते त्या तासाभरात.

सूर्योदयानंतर जो न्हाईल तो नरकात जाईल, हे आम्हांला दरवर्षी ऐकवले जाई. झोपाळू मुलाला उठवायला त्याहून मोठा धाक नव्हता. पण चौघांचे तेल, चौघांचे उटणे, चौघांचे पाणी आणि औक्षण होईपर्यंत बाहेर फटफटलेले असे. वडील सायकलवर बसत, भोंगा होई, आम्ही फराळाच्या ताटाभोवती गोळा होत असू आणि आई तेव्हा कुठे, बंबातल्या उरलेल्या कोमट पाण्याने, आपले स्नान करी. ऊन तोवर अंगणात आलेले असे. ताईने एकदा विचारले, "आई, मग तू?" आई म्हणाली, "मी पुढे जाऊन तुमच्यासाठी जागा धरून ठेवते." सारे हसले. ताई हसली नाही.

ताई नववीत होती तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी तिने गजराचे घड्याळ उशाखाली घेतले आणि ती दोनलाच उठली. आई उठून पाहते तो बंब पेटलेला, पाट मांडलेला, रांगोळी घातलेली. ताईने तिचा हात धरून तिला पाटावर बसवले. आई कुरकुरली. "अग, यांची पहिली पाळी आहे, उशीर होईल, आधी त्यांचे होऊ दे." वडील बंबाशी बसून निखारे सारीत होते, त्यांनी मान वर न करता "बैस" एवढेच म्हटले. ताईने आईच्या केसांत तेल जिरवले, खांद्यांना लावले. आई मग बोलली नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिच्या अंगाला दुसऱ्या कोणाचा तेलाचा हात लागला नव्हता, हे तिने ताईला पुढे कधीतरी सांगितले. आम्ही दोघे धाकटे दाराशी पांघरूण गुंडाळून उभे होतो, आणि आईचे औक्षण होताना आम्ही प्रथमच पाहत होतो. त्या दिवशी वडिलांना भराभर दोन तांबे अंगावर घेऊन, फराळ न करता, खिशात दोन चकल्या घालून पळावे लागले. भोंग्याच्या आत ते पोहोचले की नाही ते त्यांनी सांगितले नाही. पुढच्या वर्षापासून आमच्या घरी आईचे स्नान पहिले, हा नियमच झाला.

शेजाऱ्यांना या पहाटेचे कुतूहल असे. "आप लोग रात में नहाते हैं?" असे चाचीजींनी पहिल्या वर्षी विचारले होते. तेवढ्याच कुतूहलाने आम्ही त्यांच्याकडे पाहत असू. आमचा किल्ला विटांचा आणि लाल मातीचा, वर मोहरी पेरून उगवलेले हिरवे रान. चाचीजींच्या मुली त्याच दिवसांत मातीचे घरौंदे करीत, म्हणजे छोटेसे दुमजली घर, आणि त्यात लाह्या व साखरेची चित्रे भरून ठेवीत. आमच्या किल्ल्यावर मावळे पहारा देत, त्यांच्या घरात धान्य भरलेले असे. कोणाचे अधिक शहाणपणाचे, यावर दोन्ही पक्षांत भांडण होई. आणि अनारसे! ते केवळ आपलेच, असा आईचा समज होता. चाचीजींनी गयेचा अनरसा आणून दिला तेव्हा तो गळून पडला. त्यांचा तिळाचा, आपला खसखशीचा. पण तांदूळ भिजवण्याविषयी दोघींचे जे बोलणे सुरू झाले ते आमच्या तेथल्या अखेरच्या वर्षापर्यंत संपले नाही. भाऊबीजेला आईचे भाऊ साताऱ्यात, म्हणून ती संध्याकाळी द्वितीयेच्या चंद्राला ओवाळी. काकीमांचे भाऊ आले नाहीत तर त्या भिंतीवर चंदनाचा टिळा लावीत. दोघींनी एकमेकींना काही समजावून सांगितल्याचे आम्हांला आठवत नाही.

आज आपल्या घरांत गिझर आहे, उटणे बाजारात तयार मिळते, फराळ तर मागवला की दारात येतो. याबद्दल आमची तक्रार नाही. आयांचे अडीचला उठणे त्यामुळे वाचले असेल, तर ती आनंदाचीच गोष्ट. पण चतुर्दशीला आपल्याकडच्या अनेक कचेऱ्या व शाळा चालू असतात, मुले रात्री उशिरा निजतात, आणि स्नान मग आठ वाजता, दार लावून, ज्याचे त्याने. "दिवाळी पहाट" नावाचा गाण्यांचा कार्यक्रम आपल्या मंडळांतूनही होतो आणि तो सुरेल असतो, हे आम्ही मान्य करतो. परंतु तो सोयीच्या रविवारी असतो, आणि तेथे कोणी कोणाच्या पाठीला तेल लावत नाही. काही सभासद म्हणतात, पहाटे फटाके वाजवल्याने शेजारी रागावतात. रागावणारच. आमच्या त्या पहाटेत फटाका अगदी शेवटी, एखादाच असे. पहाटेला आवाज लागत नाही. तेल, गरम पाणी, एक समई आणि दुसऱ्यासाठी अर्धा तास आधी उठणारे एक माणूस, एवढेच लागते. ते माणूस दरवर्षी एकच असू नये, एवढे मात्र आम्ही आमच्या ताईपासून शिकलो.

पहाट ही मराठी माणसाचीच मिरास, असा जो आमचा बाळबोध समज होता तो चाचीजींनीच मोडला. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी त्यांची छठ. एका वर्षी त्यांनी आईला बोलावले. सोनारीजवळ दोमुहानीला खरकाई सुवर्णरेखेला मिळते, तेथे सायंकाळी मावळत्या सूर्याला अर्घ्य झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला चाचीजींनी आमच्या दारावर थाप मारली, आणि या खेपेस आम्हांला झोपेतून उठवणाऱ्या त्या होत्या. काठावर ऊस उभे केलेले, सुपांत फळे आणि दिवे, आणि थंडगार पाण्यात कमरेपर्यंत उभ्या असलेल्या शेकडो बायका पूर्वेकडे तोंड करून वाट पाहत होत्या. छत्तीस तासांचा निर्जळी उपास त्यांच्या अंगावर होता. आई काठावर पदर डोक्यावरून घेऊन उभी राहिली. सूर्य वर येताच चाचीजींनी अर्घ्य दिले, पाण्याबाहेर आल्या आणि ओल्या हाताने आईच्या कपाळाला शेंदूर लावला.

घरी परतताना त्यांनी ठेकुआ दिले, चांगले दहा-बारा. आपला चकलीचा डबा कालच रिकामा झाला होता. आईने तो पुसून त्यात ते भरले आणि झाकण लावून वरच्या फळीवर ठेवला. वडिलांची त्या आठवड्यात दुपारची पाळी होती, म्हणून सारे घरीच होते. दुपारपर्यंत डबा पुन्हा रिकामा झाला.