पोरींच्या आरामाचा दिवस

आम्ही सावंगी (मेघे) इथल्या बचत गटाच्या बाया.

आमच्या गल्लीतल्या काही पोरी पोलीस भरतीची तयारी करत होत्या. मैदानी चाचणीत ८०० मीटर, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. आम्हाला वाटलं, जितकं पळतील तितकं चांगलं. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळवलं. एकीची नडगी दुखू लागली. 'सवय होईल' म्हणत आम्हीच तिला पुन्हा धाडलं. हाडाला बारीक चीर गेली, भरती हुकली. चूक आमची होती.

व्यायामानं अंग थकतं. ताकद भरते ती नंतरच्या आरामात, जेवणात आणि झोपेत.

आता आठवडा असा लावलाय. तीन दिवस धावणं, तेही मातीच्या वाटेवर. मधले दोन दिवस ताकदीचे: बैठका, पायरी चढ-उतर, टाचा उचलणं, ओट्यावर हात टेकून जोर, कोपरांवर अंग तोलून धरणं. प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळा, दोन फेऱ्या. सोपं वाटलं की तिसरी फेरी, मग हातात पाण्याच्या भरल्या बाटल्या. अंतर आणि वजन एकाच आठवड्यात वाढवायचं नाही. एक दिवस गोळाफेक आणि हलकी कसरत, एक दिवस पूर्ण आराम. चाचणीच्या आठवड्यात सगळंच कमी.

साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. पुढे लांब पल्ल्याचं धावली, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी असते. असे पाय वर्षानुवर्षांच्या मेहनतीनं घडतात, महिनाभरात नाही.

ताटात भाकरीसोबत तुरीचं वरण, चणे, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं हवं. पोरगी लवकर दमत असेल तर रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. पाळी दोन-तीन महिने चुकली तरी दाखवा. एकाच जागी दुखत राहिलं तर धावणं थांबवा.

आणि एक सांगतो. मुलगा मैदानावरून आला की आपण त्याला बसवून वाढतो. पोरगी आली की तिच्या हातात झाडू देतो, आरामाच्या दिवशी निंदायला नेतो. मग तो आराम कसला?

आमची ती पोरगी यंदा पुन्हा मैदानात उतरली आहे. तिच्या सुट्टीच्या दिवशी पाणी आम्ही भरतो.