ग्रहांचे अखंड पतन



ग्रहांना कोण फिरवितो, हा प्रश्न मनुष्याने इतक्या काळापासून आणि इतक्या आस्थेने विचारला आहे की तो मुळातच चुकीच्या जागी उभा आहे, हे कळावयास आपल्याला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली. ग्रीकांनी त्यासाठी एकात एक बसविलेले गोल कल्पिले. आपल्या सिद्धान्तकारांनी प्रवह नावाचा वायू आकाशात वाहता ठेवला. आणि ज्याने ग्रहगतीचे नियम प्रथम बिनचूक सांगितले त्या केप्लरनेही सूर्यापासून निघणारी एक अदृश्य शक्ती ग्रहांना मागून लोटीत नेते, अशीच स्वतःची समजूत घातली होती. या सर्वांचे गृहीत एकच होते: गती चालू राहावयाची तर तिच्यामागे कोणीतरी सतत राबत असले पाहिजे. गॅलिलिओ व देकार्त यांच्या विचारांतून हळूहळू स्पष्ट झालेले आणि न्यूटनने कायद्याच्या कलमासारखे पहिल्या क्रमांकाने मांडलेले तत्त्व याच्या नेमके उलट आहे. चालत्या वस्तूला चालविण्यासाठी कोणी लागत नाही. तिला वळविण्यासाठी मात्र लागते. तेव्हा सूर्याकडे ग्रहांना हाकण्याचे काम नाहीच. त्याच्याकडे आहे ते केवळ त्यांना आपल्याकडे ओढण्याचे.

या ओढीचा हिशेब आपल्या पृथ्वीपुरता मांडून पाहू. सूर्याचा अंमल अकस्मात उठला असे घटकाभर धरले, तर पृथ्वी त्या क्षणी ज्या दिशेने निघाली असेल त्याच दिशेने, सेकंदाला सुमारे तीस किलोमीटर या आपल्या वेगाने, सरळ रेषेत चालू लागेल आणि पुन्हा कधी परतणार नाही. सूर्याचा अंमल कायम असल्यामुळे या तीस किलोमीटरांच्या वाटचालीत ती त्या सरळ रेषेपासून सूर्याच्या बाजूला किती कलते, असे विचारले तर उत्तर येते तीन मिलिमीटर! एवढ्या विराट कारभाराचा एका सेकंदाचा खर्च हा इतकाच. परंतु पंधरा कोटी किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून त्याची स्पर्शरेषा तीस किलोमीटर पुढे नेली, तर तेथे वर्तुळ त्या रेषेपासून जितके आत वळलेले असते ते अंतरही तीनच मिलिमीटर भरते. पृथ्वी जेवढी पडते तेवढीच तिची वाट वळते, आणि म्हणून ती प्रतिक्षणी सूर्यावर पडत असूनही त्याच्या जवळ मात्र येत नाही. तिचा वेग कोणी एकाएकी काढून घेतला तर साधारण पासष्ट दिवसांत ती सूर्यात जाऊन पडेल. उलट तोच वेग सेकंदाला बेचाळीस किलोमीटरपर्यंत वाढविला तर ती सूर्याची हद्द ओलांडून कायमची निघून जाईल. या दोन टोकांच्या मध्ये जो वेग असेल त्याप्रमाणे कक्षेचा आकार ठरतो, आणि वेग फारच थोडा नसेल तर त्या कक्षेची वाट सूर्याला चुकवूनच जाते.

येथे गोफणीचा दाखला देण्याची फार जुनी वहिवाट आहे. गोफण सुटली की दगड स्पर्शरेषेने निघून जातो, एवढ्यापुरता तो दाखला खराही आहे. पण गोफण फिरविणाऱ्याचा हात एकसारखा श्रमत असतो आणि तिचा पट्टा ठरावीक लांबीचा असतो. सूर्याला असे कोणतेच श्रम पडत नाहीत, आणि ग्रहांची अंतरे तर वर्षभर कमीजास्त होत असतात. गोफणीवर फार काळ रेंगाळणाऱ्याच्या मनात ग्रहाला बाहेर ढकलणारी एक दुसरी शक्ती आपोआप शिरते, ‘केंद्रोत्सारी’ वगैरे भारदस्त नाव धारण करते, आणि मग ती तेथून काही केल्या हलत नाही. ग्रहाबरोबर न फिरता स्थिर उभे राहून पाहणाऱ्याला अशी शक्ती कोठेही दिसत नाही. एक ओढ आणि एक जन्मजात वेग, एवढीच या संसाराची एकंदर मालमत्ता होय.

ही ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते असा तर्क न्यूटनच्या आधीही काहींनी केला होता. इ. स. १६८४ च्या ऑगस्टमध्ये ज्योतिर्विद हॅली केंब्रिजला गेला आणि अशा ओढीखाली ग्रहाची वाट कोणती होईल असे त्याने न्यूटनला विचारले, तेव्हा न्यूटनने ‘लंबवर्तुळ’ असे तत्काळ सांगितले. मात्र ज्या कागदावर ते गणित केले होते तो कागद त्याला सापडेना. त्या हरवलेल्या कागदाच्या शोधातून १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ अवतरला, आणि रॉयल सोसायटीचा पैसा माशांवरील एका खर्चिक ग्रंथापायी संपून गेलेला असल्यामुळे त्याच्या छपाईचा खर्च हॅलीनेच पदरचा केला. विज्ञानाच्या दप्तरात असला जमाखर्चही असतो.

‘प्रिन्सिपिया’तील चंद्राचा पुरावा मला सर्वांत सुंदर वाटतो. जमिनीजवळ हातातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे सोळा फूट पडते. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे साठ भूत्रिज्या दूर आहे. तेव्हा तर्क खरा असेल तर तेथे पृथ्वीची ओढ ३६०० पटींनी दुबळी झाली पाहिजे. परंतु पतनाचे अंतर काळाच्या वर्गाप्रमाणे वाढते, आणि साठाचा वर्गही ३६००च. म्हणजे दगड एका सेकंदात जितका पडतो तितके पडावयास चंद्राला एक मिनिट लागले पाहिजे. चंद्राचे अंतर व सत्तावीस दिवस पावणेआठ तासांचा त्याचा फेरा यांवरून मिनिटातील पतन काढले तर ते खरोखरच सोळा फुटांच्या आसपास येते. न्यूटनने तारुण्यात हेच गणित केले तेव्हा उत्तर ‘बरेचसे जुळते’ एवढेच आले होते; पृथ्वीचे माप सुधारल्यावर खातरजमा झाली. झाडावरचे फळ आणि पौर्णिमेचा चंद्र एकाच हुकुमाखाली पडत आहेत, हे त्या दिवशी केवळ कल्पना राहिले नाही.

आपल्याकडे या ठिकाणी भास्कराचार्यांचे नाव निघते, आणि ते निघावे हे उचितच आहे. पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे आणि जड वस्तू तिच्यामुळे खाली पडतात, असे त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त स्पष्ट म्हटले आहे. पण तेवढ्यावर न्यूटनचा शोध त्यांच्या नावे चढविणे हा माझ्या मते अभिमानापेक्षा आळसाचा प्रकार आहे. कारण ती ओढ चंद्रापर्यंत नेणे, अंतराशी तिचे प्रमाण बांधणे आणि त्यातून कक्षा काढून दाखविणे हे कार्य त्या ग्रंथात नाही. भास्कराचार्यांचा खरा अधिकार निराळ्या बाबतीत आहे, आणि तो आपल्या रोजच्या व्यवहारातील आहे.

ते सांगण्यापूर्वी केप्लरकडे वळले पाहिजे. टायको ब्राहेच्या वेधांवर मंगळाची वर्तुळाकार कक्षा बसविताना त्याला आठ कलांची तफावत आढळली. आठ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीचा चौथा हिस्सा. दुसरा कोणी असता तर ती वेधाच्या चुकीत जमा करून मोकळा झाला असता. केप्लरने मात्र टायकोवर विश्वास ठेवून वर्तुळच टाकून दिले आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ व समान काळात समान क्षेत्र हे दोन नियम जाहीर केले. ग्रह सूर्याकडे घसरत येतो तेव्हा त्याचा वेग वाढत जातो, आणि जवळ येईतो तो इतका वाढलेला असतो की त्याच्या बळावर ग्रह सूर्याला वळसा घालून पुन्हा दूर निघतो. दूर जाता जाता कमावलेला वेग तो परत करीत जातो. बुध सूर्यापासून सात कोटी किलोमीटरांवर असताना सेकंदाला एकोणचाळीस किलोमीटरने चालतो, आणि साडेचार कोटींच्या जवळ आला की एकोणसाठने. उंचीत खर्च, वेगात जमा. बाकी नेहमी तीच.

पृथ्वीची कक्षा वर्तुळाच्या इतकी निकट आहे की कागदावर काढली तर डोळ्याला फरक दिसू नये. ती जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, जुलैच्या आरंभी सर्वांत दूर. वेगातील अंतर सेकंदाला अवघे एक किलोमीटर. पण एवढ्या अल्प भेदाने आपल्या पंचांगाची उलथापालथ होते. पौषाच्या सुमारास पृथ्वी वेगाने चालते म्हणून सूर्य धनु राशी साडेएकोणतीस दिवसांहूनही थोड्या कमी मुदतीत ओलांडतो. उलट मिथुनेला त्याला जवळजवळ साडेएकतीस दिवस लागतात. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत, म्हणजे सूर्याचा राशिबदल, होत नाही तो अधिक. आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात सूर्य रेंगाळत असल्यामुळे अधिक मास बहुधा त्याच दिवसांत येतात, पौषात जवळजवळ कधीच येत नाहीत. हिवाळ्यात मात्र क्वचित एकाच चांद्रमासात दोन संक्रांती सापडतात, आणि मग त्या वर्षी एक महिना पंचांगातून चक्क गळतो. हाच क्षयमास. १८२२, १९६३ आणि १९८२ या साली सुरू झालेल्या वर्षांत तो येऊन गेला. आणि १४१ व क्वचित १९ वर्षांच्या अंतराने तो येतो, हे भास्कराचार्यांनी केप्लरच्या साडेचारशे वर्षे आधी लिहून ठेवले आहे. सूर्याची चाल असमान का, हे त्यांना ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पण त्या असमानतेचा ताळेबंद त्यांनी चोख ठेवला होता.

आतापर्यंत आपण सूर्य आणि एक ग्रह एवढाच विचार केला. वस्तुतः प्रत्येक ग्रह दुसऱ्या प्रत्येकाला ओढीत असतो. गुरूच्या पाच प्रदक्षिणा आणि शनीच्या दोन यांचा काळ जवळजवळ सारखा असल्यामुळे त्यांची परस्परांवरील ओढ साचत जाते. गुरू वेगावत चालला आहे आणि शनी मंदावत, अशी ज्योतिष्यांची जुनी फिर्याद होती, तिचा निकाल गणिती लाप्लासने हा सुमारे नऊशे वर्षांचा हेलकावा आहे असे दाखवून दिला. युरेनसच्या चालीतील अशाच तक्रारीवरून १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. लाप्लासच्या यशाने अशी समजूत रूढ झाली की ग्रहांच्या वाटा कायमच्या इनामी आहेत.

ती समजूत आता उरलेली नाही. फ्रेंच गणिती जाक लास्कार याने दाखविले की पृथ्वीच्या आजच्या स्थानात केवळ पंधरा मीटरांची चूक धरली, तर एक कोटी वर्षांनी ती चूक दीडशे मीटर होते, आणि दहा कोटी वर्षांनी पंधरा कोटी किलोमीटर, म्हणजे कक्षेवर पृथ्वी कोठे असेल हे मुळीच सांगता येत नाही. २००९ मध्ये त्याने व एका सहकाऱ्याने अडीच हजार संभाव्य भविष्यांची गणिते पुढील पाचशे कोटी वर्षांसाठी करविली, तेव्हा शंभरात सुमारे एका भविष्यात गुरूच्या साचत गेलेल्या ओढीने बुधाची कक्षा अतिशय लांबट होते. आणि तशा काही भविष्यांत बुध शुक्रावर किंवा सूर्यावर जाऊन आदळतो.