प्रमाणपत्र कपाटात, सिस्टर ओपीडीत

(ताज्या भागातलं बोलणं इथे शब्दांत उतरवलं आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा भाग मुख्यतः नर्सिंगमधल्या आपल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींसाठी आहे. पण ज्यांच्या घरचं माणूस कधी आयसीयूत होतं, त्यांनीही ऐकावं. कारण शेवटी प्रश्न त्या खाटेवरच्या माणसाचाच आहे.

सुरुवात एका रात्रीपासून करते. मी तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात नाईटला होते. शेजारच्या आयसीयूत इन्फ्युजन पंप मागायला गेले, तर एका व्हेंटिलेटरचा अलार्म वाजत होता. हाय प्रेशरचा. ड्युटीवरची मुलगी बटण दाबून तो गप्प करायची, तो पुन्हा वाजायचा, ती पुन्हा दाबायची. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ९२, मग ८६, मग ७९. मी पंप विसरले. दोघींनी मिळून सक्शन केलं, घट्ट कफाचा गोळा निघाला आणि आकडा वर चढायला लागला. पेशंट वाचला. त्या मुलीचे हात मात्र पुढचा अर्धा तास थरथरत होते.

तिची चूक म्हणू नका. ती तीन आठवड्यांपूर्वी प्रसूती विभागातून तिथे आली होती. रोटेशनमध्ये. आणि त्याच रुग्णालयात एक सिस्टर अशी होती, जिने नुकताच क्रिटिकल केअरचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा केला होता. पगारी रजा घेऊन केला होता. ती कुठे होती माहितीये? डोळ्यांच्या ओपीडीत. रोटेशनमध्येच.

या गोष्टीवर मी पुष्कळ वर्षं विचार केलाय. पहिल्यांदा मला वाटायचं, दोष प्रशासनाचा. तो आहेच. पण मग वाटायला लागलं, की आपल्या संघटना त्या वेळी कुठे होत्या? त्या सिस्टरसाठी कुणी एक पत्र तरी लिहिलं का? नाही लिहिलं. मी स्वतःसुद्धा नाही. आणि मी तेव्हा शाखेच्या कार्यकारिणीत होते.

आता एक फरक आधी स्पष्ट करते, कारण आपल्याकडे त्याची सरमिसळ होते. नोंदणी वेगळी आणि विशेष प्रमाणपत्र वेगळं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी म्हणजे कायद्याने दिलेली परवानगी: या व्यक्तीने नर्स म्हणून काम करायला हरकत नाही. विशेष प्रमाणपत्र म्हणतं, की ही नर्स अमुक एका शाखेत, म्हणजे आयसीयूत, कॅन्सर वॉर्डात, इमर्जन्सीत, तयार आहे आणि आम्ही ते तपासलंय. पण हे ‘आम्ही’ म्हणजे कोण? आजचा सगळा विषय या एका शब्दात आहे.

माझी एक मैत्रीण आहे, आम्ही हॉस्टेलला एकाच खोलीत राहायचो. ती टेक्ससला गेली आणि तिथे तिने सीसीआरएन नावाची परीक्षा दिली. निकालाच्या दिवशी फोनवर मी तिला म्हटलं, “अगं, तुला कौन्सिलने दिलं ना हे?” तर ती म्हणाली, “कौन्सिलचा काय संबंध? हे आमच्या लोकांनी दिलंय.” आमच्या लोकांनी! मला तो शब्द फार लागला. मग मी तिच्याकडून आणि वाचून त्या ‘आमच्या लोकां’ची गोष्ट समजून घेतली.

गोष्ट अशी. १९६२ साली अमेरिकेत, कॅन्सस सिटीला, हृदयविकाराच्या रुग्णांसाठी पहिलं कोरोनरी केअर युनिट सुरू झालं. मग अशी युनिट्स भराभर वाढली. खाटेशेजारी चोवीस तास कोण? नर्स. मॉनिटरवरची रेघ बिघडली की ओळखायची कुणी? नर्सने. डॉक्टर पोचेपर्यंत शॉक द्यायचा कुणी? तोही नर्सनेच. आणि यातलं तिला नर्सिंग स्कूलमध्ये फारसं काही शिकवलेलं नव्हतं. म्हणून या नर्स शिकण्यासाठी एकत्र आल्या आणि १९६९ मध्ये त्यांनी हृदयरोगाच्या नर्सची संघटना काढली. दोन वर्षांत लक्षात आलं, की प्रश्न फक्त हृदयाचा नाही. १९७१ मध्ये नाव बदलून अमेरिकन असोसिएशन ऑफ क्रिटिकल-केअर नर्सेस केलं.

आता तारखांकडे लक्ष द्या. संघटना १९६९ ची. प्रमाणपत्र देणारी शाखा १९७५ ची. पहिली परीक्षा १९७६ ची. मध्ये सात वर्षं गेली. इमर्जन्सी नर्सची संघटना १९७० ची, त्यांची परीक्षा १९८० ची. कॅन्सर नर्सची संघटना १९७५ ची, पहिली परीक्षा १९८६ ची. म्हणजे कुणीही सकाळी संघटना काढून संध्याकाळी परीक्षा घेतली नाही. मधल्या वर्षांत त्यांनी वर्ग घेतले, मासिकं काढली, आपल्या कामाची मानकं लिहिली. आपलं काम नेमकं काय आहे हे आधी कागदावर आणलं, मग त्यावर प्रश्न काढले. पायाआधी कळस चढवला नाही.

आणखी एक शहाणपणाची गोष्ट. परीक्षा घेणारी संस्था त्यांनी मूळ संघटनेपासून वेगळी ठेवली. का? कारण संघटनेला सभासद वाढवायचे असतात, पुस्तकं विकायची असतात, वर्ग भरवायचे असतात. तीच संघटना पास-नापास ठरवायला लागली तर लोक म्हणणारच, की पैसे भरा आणि पास व्हा. तरीही टीका होते, परीक्षेची फी नर्सच्या खिशाला लागते, आणि ती टीका रास्त आहे. १९९१ पासून तर अशा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनाच तपासणारी एक मंडळी तिथे आहे. तपासणाऱ्याला तपासणारा!

परीक्षा कशी असते? तीन तास, १५० प्रश्न. त्यातले १२५ गुणांसाठी, बाकीचे पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघायचे. पण मला परीक्षेपेक्षा तिच्या आधीची अट महत्त्वाची वाटते. बसायचं असेल तर गेल्या दोन वर्षांत गंभीर रुग्णांच्या खाटेशेजारी १,७५० तास काम केलेलं हवं, किंवा पाच वर्षांत २,०००. नुसतं पुस्तक वाचून चालत नाही. आणि ते प्रमाणपत्र फक्त तीन वर्षांचं! पुढे चालू ठेवायचं तर पुन्हा खाटेशेजारचे तास दाखवा, नवीन शिकल्याचे गुण दाखवा, नाहीतर पुन्हा परीक्षेला बसा.

इथे मी माझंच सांगते. माझ्याकडेही क्रिटिकल केअरचा डिप्लोमा आहे. भिंतीवर फ्रेम करून लावलाय. पण गेली नऊ वर्षं मी शिकवते, आयसीयूत रुग्णाला हात लावलेला नाही. तरी तो डिप्लोमा आजही तितकाच वैध आहे. आपल्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, त्यासाठी शिक्षणाचे तासही दाखवावे लागतात. पण तुम्ही ते तास आयसीयूत घालवले की ओपीडीत, हे कुणी विचारत नाही. माझ्या मैत्रिणीच्या पद्धतीत माझी फ्रेम कधीच उतरली असती. आणि उतरायलाच हवी होती.

मग आपल्याकडे काहीच नाही का? तसं अजिबात नाही. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया १९०८ ची आहे, अमेरिकेतल्या त्या संघटनेपेक्षा साठ वर्षांनी मोठी. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा. कौन्सिलचे एक वर्षाचे डिप्लोमा आहेत: क्रिटिकल केअर, कॅन्सर, नवजात बालकं, ऑपरेशन थिएटर, मानसोपचार, बरेच आहेत. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. शिवाय आयसीयूच्या डॉक्टरांची जी राष्ट्रीय संघटना आहे, तीसुद्धा नर्ससाठी एक डिप्लोमा चालवते. चांगली गोष्ट आहे, मी त्यांचे आभारच मानते. पण मनात येतंच, की आपली परीक्षा काढायला आपल्याआधी डॉक्टर पुढे आले.

आपल्या संघटना काय करत आल्या? भरती, पगार, पेन्शन, ड्युटीचे तास, हॉस्टेल. मोर्चे काढले, आझाद मैदानावर बसल्या. ते गरजेचं होतं आणि आहे. एका सिस्टरकडे वॉर्डातले चाळीस-पन्नास पेशंट असतील तर तिला कुठलं प्रमाणपत्र सुचणार? पण मला वाटतं या दोन मागण्या वेगळ्या नाहीतच. ‘आम्हाला माणसं द्या’ याच्याच खाली दुसरी ओळ लिहायची: ‘आणि शिकलेलं माणूस त्याच्या जागी ठेवा.’ २०२० मध्ये आपण सगळ्यांनी बघितलं ना? व्हेंटिलेटर आले, खोकी उघडली, पण ते चालवणारे हात शोधत फिरावं लागलं. तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात एक यादी तयार असती, की कोणती सिस्टर काय शिकलीय आणि आज कुठे आहे, तर?

एक खबरदारीही सांगते. प्रमाणपत्र म्हणजे जादूची कांडी नाही. अमेरिकेत २०११ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पदवीधर आणि शिवाय प्रमाणित अशा नर्सचं प्रमाण जिथे जास्त, तिथे मृत्यूचं प्रमाण थोडं कमी दिसलं. पण मूळचं शिक्षण पक्कं नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राचा तसा फायदा दिसला नाही. म्हणजे संघटनेने प्रमाणपत्राची जाहिरात करताना खरं तेच सांगावं. पाया पक्का करायची मागणी आधी, बिल्ला नंतर.

मग करायचं काय? मला तीन साध्या गोष्टी दिसतात. पहिली, यादी. आपापल्या शाखेने विचारायचं: कोणी कोणता विशेष अभ्यासक्रम केलाय, आणि आत्ता पोस्टिंग कुठे आहे? एक पानाचा फॉर्म, बस. दुसरी, कामाची नोंद. आपल्या जिल्हा रुग्णालयातली आयसीयूची सिस्टर बारा तासांत खरोखर काय काय करते, हे तिलाच विचारून लिहायचं. अमेरिकेतली परीक्षा जशीच्या तशी आणून उपयोग नाही. आपल्याकडे साप चावलेला पेशंट येतो, कीटकनाशक प्यायलेला येतो. आपले प्रश्न आपल्या खाटेवरूनच निघायला हवेत. तिसरी, अभ्यासगट. मराठीतून, ड्युटी सांभाळून, तालुक्याच्या सिस्टरलाही जोडून घेता येईल असा. परीक्षा पुढच्या दहा वर्षांत होईल, न होईल. शिकायला परीक्षेची वाट कशाला बघायची?

२०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा झाला, तो १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा आहे. नव्या व्यवस्थेत विशेष शिक्षणाला काय किंमत असेल, हे सांगायला आपण हातात कागद घेऊन गेलो तर ऐकलं जाईल. रिकाम्या हाताने गेलो तर निवेदन फाइलला लागेल.

आता पुढच्या महिन्यात आमच्या शाखेची सभा आहे. मी तिथे तो एक पानाचा फॉर्म ठेवणार आहे, आणि पहिला फॉर्म माझाच भरणार आहे. ‘शेवटचं आयसीयूत काम कधी केलं?’ या रकान्यात खरं वर्ष लिहिणार. लाज वाटेल थोडी. चालेल.

डोळ्यांच्या ओपीडीतल्या त्या सिस्टरचं पुढे काय झालं, असं मला नेहमी विचारतात. दोन वर्षं वाट बघून ती आखातात गेली. तिथे ती आयसीयूतच आहे.

तुमच्या शाखेत असा फॉर्म फिरवलात तर मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आज नाईट असेल तर चहा आधी घेऊन ठेवा. नमस्कार.