डावात तोटा असलाच पाहिजे

वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली, हे भोरकरांना मी सांगायला नको. घरोघरी 'व्यापार' खेळून मोठी झालेली तुम्ही माणसं. म्हणून खेळातून उद्योजकता म्हणजे काय, हेही सोडतो आणि थेट या कडीवर येतो.

समोर खुंटी रोवायची आणि कडी फेकायची. जितक्या लांबून पडेल तितके गुण जास्त. उभं कुठं राहायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. हार्वर्डच्या डेव्हिड मॅक्लेलंड यांना दिसलं की काही जण खुंटीला चिकटतात, काही फार लांब जाऊन नशिबावर सोडतात. करून दाखवायची ओढ असलेला मात्र मधलं अंतर धरतो. १९६४ साली त्यांनी काकीनाड्याच्या व्यावसायिकांसाठी प्रशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. आपल्याकडे १९८८ पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे. इतिहास इथंच थांबवतो, कारण माझं म्हणणं वेगळं आहे. कडी चुकली की फेकणाऱ्याच्या खिशातून काहीतरी गेलं पाहिजे.

शाळांतला बालबाजार घ्या. पोरगं मेथीच्या जुड्या मांडून बसतं. अर्ध्या तासात आई, मावशी, सरपंच सगळं उचलून नेतात. हिशेबाला सगळी पोरं नफ्यात!

(मागून आवाज : "मग काय पोरांना रडवायचं?")

नाही गुरुजी, राग मानू नका. बाजार भरलाच पाहिजे. सुट्टे पैसे मोजणं, अनोळखी माणसाशी भावाचं बोलणं, हे पोरं तिथंच शिकतात. पण उरलेली, कोमेजलेली जुडी कोणाच्या नावावर मांडायची, हा प्रश्न त्या बाजारात येतच नाही. आणि धंद्यात तर तोच रोज येतो.

वेल्ह्याच्या बाजूला बचत गटातल्या बायकांसाठी मी एक डाव मांडला होता. प्रत्येकीला पाच वाट्या भात आणि दहा चिंचोके. चिंचोके म्हणजे पैसे. गिरणीला एक चिंचोका द्यायचा. तीन वाट्या भात दिला की दोन वाट्या तांदूळ हातात. शंभर किलो भाताचे साधारण पासष्ट किलो तांदूळ होतात, तोच हा हिशेब. कोंडा, तूस, कणी वेगळी. मग चिठ्ठी उचलायची. एकीला आलं, 'काढणीला पाऊस, एक वाटी भिजली.' दुसरीला, 'पुण्याचं गिऱ्हाईक पैसे पुढच्या महिन्यात देणार.' त्या चिठ्ठीवर सगळ्या एकदम हसल्या. ओळखीची होती ती! (हशा)

एका मावशींनी पहिल्या डावात सगळा भात गिरणीत घातला, उधारीवर विकला आणि हातावर हात ठेवून बसल्या. दुसऱ्या डावात त्यांच्याकडे चारच वाट्या दिसल्या. मला वाटलं, मोजताना चुकलो. पुन्हा मोजलं. तर त्यांनी पदराची गाठ दाखवली. म्हणाल्या, "बियान्याचा हाय त्यो. मागल्या डावात इकून बसले नव्हं का!"

बियाणं राखायचं, हे माझ्या नियमांत कुठंच नव्हतं. मी महिनाभर बसून तो डाव बांधला होता आणि पेरणीच विसरलो होतो. पहिल्या डावात मावशी बुडाल्या नसत्या, तर गाठ बांधली गेली नसती. तेव्हापासून त्या डावात तिसरी फेरी आहे : ज्याच्याकडे बियाणं नाही, त्याला ते शेजारणीकडून, ती सांगेल त्या भावानं घ्यावं लागतं. काय घासाघीस चालते म्हणून सांगू! तुमच्या आंबेमोहरासाठी मी याच डावात निराळ्या चिठ्ठ्या…

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाचच मिनिटं? मग संगणकावरच्या खेळांचं राहू द्या, ते तुमची मुलं तुम्हाला दाखवतील. गुरुजी, पुढच्या बालबाजारात एवढं करून बघा : पहिला तासभर घरच्यांना आत सोडू नका. आणि जुडी उरली तर पोराला ती घरी नेऊ द्या, वहीत लिहू द्या.

खुंटी मंचाखाली रोवलीय. कड्या इथं ठेवतो. अंतर तुमचं तुम्ही ठरवा.