वाय-फाय कोणाचे, नाव कोणाचे?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाहपुरा तलावाकाठी रोज संध्याकाळी फिरणारी आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी. कोणी भेलमधले, कोणी दूरसंचार खात्यातले. फोन अडला की कॉलनीतले लोक आमच्याकडे येतात, म्हणून कार्यकारिणीने आज आम्हाला उभे केले आहे. विषय त्यांनीच दिला : दुसऱ्याचे, ओळखीपाळखीचे नसलेले वाय-फाय वापरावे की नाही.

इथल्या अनेक घरांचे वडीलधारे १९५६ साली राजधानी झाली तेव्हा नागपूरहून सरकारी नोकरीबरोबर भोपाळला आले. त्या पिढीला शेजारच्यांचा टेलिफोन आठवत असेल. आपल्या अर्जावर ‘पीपी नंबर’ म्हणून त्यांचा नंबर लिहायचा आणि फोन आला की त्यांच्या दिवाणखान्यात उभे राहून बोलायचे. मुलीच्या स्थळाची बोलणी असोत की उसनवारीची, सगळे घर ऐकत असे. पण तिथे ऐकणारे कोण, हे आपल्याला दिसत होते. बिनपासवर्डाच्या वाय-फायवर तेवढेही दिसत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा गांभीर्याने पुढे आला तो २००८ साली, आणि तोही महाराष्ट्रात. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली, पन्नासहून अधिक माणसे गेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत. तिथे एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह राहत होते. त्यांच्या घरचे संगणक तपासायला नेले, चौकशी झाली, वर्तमानपत्रांत नाव झळकले. शेवटी निष्पन्न काय झाले? कोणीतरी बाहेरून त्यांचे वाय-फाय वापरून पत्र पाठवले होते आणि त्यांचा कटाशी संबंध नव्हता. पुढच्याच महिन्यात तसाच ई-मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवरून गेला, आणि १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचा चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून. तिन्ही ठिकाणी मालकाला पत्ता नव्हता.

यात समजून घ्यायची गोष्ट एवढीच की इंटरनेटवर पत्ता असतो तो जोडणीचा. जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्या दारात पोलीस आधी येतात. पुढे २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी वाय-फाय शोधायला सुरुवात केली, आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने नियम काढला की सार्वजनिक वाय-फाय देणाऱ्याने वापरणाऱ्याची ओळख नोंदवून घ्यावी, ओळखपत्रावरून किंवा मोबाईलवर पाठवलेल्या आकड्यावरून. विमानतळावर किंवा आपल्या राणी कमलापती स्टेशनवर नेट सुरू करताना ओटीपी मागतात, त्याचे मूळ हे. (आमच्यातले अर्धे अजून त्याला हबीबगंजच म्हणतात, ते सोडा.)

आता दुसरी बाजू. आपण पाहुणे म्हणून परक्या नेटवर गेलो तर आपले काय जाते? इथे आम्ही जरा वेगळे बोलणार आहोत, कारण व्हॉट्सॲपवर फिरणारे इशारे ऐकून लोक उगाच घाबरतात. पंधरा वर्षांपूर्वी भीती खरी होती. २०१० साली ‘फायरशीप’ नावाचा एक छोटा प्रोग्राम निघाला. कॅफेत बसून बटण दाबले की त्याच उघड्या वाय-फायवर फेसबुक पाहणाऱ्या शेजाऱ्याचे खाते आपल्या पडद्यावर उघडे. तो काढणाऱ्याचा हेतूच कंपन्यांना लाज आणण्याचा होता, आणि ती आली. त्यानंतर मोठ्या कंपन्या एकेक करून कुलूपबंद पानांकडे वळल्या. आज पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असलेल्या पानावर तुम्ही लिहिलेले फोनमधून बाहेर पडण्यापूर्वीच सांकेतिक होते. बँकांची ॲपही असेच करतात. मधला माणूस तुम्ही कोणत्या साइटवर किती वाजता गेलात हे पाहू शकतो, आत काय लिहिलेत ते सहसा नाही.

मग धोका संपला का? नाही, त्याने जागा बदलली. पूर्वी चोर भिंतीला कान लावून बसत असे, आता तो स्वतःच दुकान थाटतो. तुमचा फोन उघडे वाय-फाय ओळखतो ते फक्त नावावरून. एकदा कुठे ‘फ्री वाय-फाय’ नावाला जोडला गेला की तो ते नाव लक्षात ठेवतो आणि पुढे कुठेही, कोणीही तेच नाव लावून बसले तर न विचारता जोडला जातो. ऑस्ट्रेलियात २०२४ साली पोलिसांनी एका माणसावर याबद्दल गुन्हे दाखल केले. हातात मावणारे यंत्र घेऊन तो विमानतळांवर आणि चक्क विमानातसुद्धा खऱ्यासारख्या नावाचे वाय-फाय लावत असे, अशी फिर्याद होती. लोक जोडले गेले की समोर पान येई, आणि त्यावर ई-मेल आणि पासवर्ड मागितलेला असे. लोक देत.

इथेच आपल्या सवयीचा घात होतो. नेटसाठी मोबाईल नंबर द्या, ओटीपी टाका, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. त्यामुळे खोट्या पानावर बँकेचा किंवा व्हॉट्सॲपचा ओटीपी मागितला तरी हात थांबत नाही. ओटीपीच्या संदेशात तो कशासाठी आहे हे बहुधा लिहिलेले असते. ते वाचा. आकडा पाहून घाईने टाकू नका. वाय-फाय देणाऱ्याला तुमच्या ई-मेलचा पासवर्ड कधीच लागत नाही. नेटसाठी एखादी फाईल उतरवून ‘इन्स्टॉल’ करा असे पान सांगत असेल तर तिथूनच मागे फिरा. आणि ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा लाल इशारा परक्या नेटवर आला तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नये. घरी आला तरी दाबू नये, पण बाहेर तर नाहीच.

कोणी म्हणेल, आता डेटा इतका स्वस्त आहे, परके नेट लागते कोणाला? बरोबर आहे. इथे असाल तर बँकेचे काम आपल्या सिमच्या नेटवरच करा, एवढ्याने निम्मा प्रश्न मिटतो. पण रुग्णालयाच्या तळघरात रेंज नसते आणि बाहेर मुलगा वाट पाहत असतो. आपल्यातली कितीतरी जोडपी नातवंडांकडे परदेशी जातात, वाटेत विमानतळावर सहा-सहा तास काढतात, रोमिंग घेतलेले नसते. तिथे ‘पोचलो’ म्हणून कळवायला विमानतळाचे नेट वापरायला हरकत नाही. नाव मात्र पाटीवर वाचा किंवा काउंटरवर विचारा. दोन सारखी नावे दिसली तर हमखास विचारा. काम झाले की सेटिंगमध्ये जाऊन ते नाव पुसा, ‘फरगेट’ नावाचा पर्याय असतो. आणि मुद्रा विकायची, मुदत ठेव मोडायची, ती कामे मुलाच्या घरी पोचल्यावर.

शेजारच्या फ्लॅटचे उघडे नेट मुले सर्रास वापरतात. घरात कोणाला त्यात वावगे वाटत नाही, ‘त्यांनी कुलूप लावले नाही तर आपण काय करायचे?’ माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकाला किंवा नेटवर्कला हात लावण्याबद्दलच आहे. कायद्याचे राहू द्या, पण शेजाऱ्याला विचारणे आपल्या मराठी घरांत एवढे अवघड कधीपासून झाले? विचाराल तर त्यालाही कळेल की आपले दार उघडे आहे. सानपाड्याच्या गृहस्थांना ते कोणी सांगितले नाही.

हे सगळे मुंबईचे आणि ऑस्ट्रेलियाचे, असे समजू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच अरेरा कॉलनीत एका उद्योजकाला भामट्यांनी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ करून खोलीत बसवून ठेवले होते. मध्य प्रदेशच्या सायबर पोलिसांनी घरी जाऊन, कॉल चालू असतानाच सोडवले. त्यात वाय-फायचा दोष नव्हता, पण भामट्यांना आपली कॉलनी माहीत आहे एवढे त्यातून नक्की कळते. पैसे गेले तर १९३० हा नंबर तत्काळ फिरवा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ‘उद्या मुलाला विचारू’ असे नको.

शेवटी मंडपाबद्दल. यंदा आरतीच्या थेट प्रक्षेपणासाठी मंडळाने वाय-फाय घेतले आहे. त्याला पासवर्ड आहे आणि तो तीन कार्यकर्त्यांकडेच आहे, कारण ते आपल्या खजिनदारांच्या नावावर आहे. मंडळाच्या नावाचे दुसरे, उघडे वाय-फाय फोनवर दिसले तर ते आपले नाही, जोडू नका आणि आम्हाला सांगा. आता आरतीनंतर प्रसादाच्या टेबलाशेजारी आम्ही तासभर बसणार आहोत. चष्मा आणि फोन दोन्ही घेऊन या, जुनी साठलेली नावे पुसून देतो.